वल्हं रोवा, बोर्ड पुढे घ्या: नागपूरच्या नवशिक्यांसाठी पॅडलबोर्डिंग

विहिरीवर पाणी शेंदताना दोर नुसत्या दंडाच्या जोरावर ओढला, तर चौथ्या-पाचव्या बादलीला हात भरून येतात. सरावाची बाई पाय रोवून उभी राहते, कमरेतून झुकते आणि अंगाचा भार दोरावर टाकते. हात फक्त दोर धरायला. पॅडलबोर्डवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या लांब फळीवर, उभं राहून मारायचा स्ट्रोक (वल्ह्याचा एक फटका) नेमका असाच आहे. नवशिक्यांच्या खांद्याची, कमरेची बहुतेक दुखणी एकाच गैरसमजातून येतात: वल्हं म्हणजे पाणी मागे लोटायचं साधन. तसं न समजता, वल्ह्याचं पातं पुढे पाण्यात खुंटासारखं रोवलं आणि आपण बोर्डासकट त्या खुंटापर्यंत गेलो, असं समजा. पातं थोडंफार सरकतंच, पण डोक्यात हे चित्र पक्कं असलं की अर्धा स्ट्रोक आपोआप सुधारतो.

आधी पाणी निवडा

नागपूर तलावांचं शहर असलं तरी प्रत्येक तलाव उतरायचा नाही. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा यांपैकी कुठेही स्वतःचा बोर्ड घेऊन सरळ पाण्यात शिरू नका, परवानगी लागते. गोरेवाड्याचा संबंध शहराच्या पिण्याच्या पाण्याशी आहे. तोतलाडोहचं पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, त्यामुळे तो विषयच सोडा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर बोटिंग चालतं. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटर. तिथे गेलात तर बोटिंगवाल्यांना विचारून, त्यांच्या मोटरबोटीचा मार्ग समजून घेऊनच उतरा.

काठावर उभं राहून चार गोष्टी बघा. जलपर्णीचा पट्टा कुठवर आहे. ती फिनमध्ये, म्हणजे बोर्डखालच्या माशाच्या परासारख्या पात्यात, अडकली की बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही पुढे जाता, तोंडावर. मासेमारीची जाळी कुठे लावली आहेत. पाण्यावर तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या ओळीत दिसल्या की खाली जाळं आहे असं धरा. बुडीत क्षेत्रातली बाभळीची खोडं पाण्याखाली किती वर आली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा ती फिनला लागतात. आणि पाण्याला वास येतो का. सांडपाणी मिसळत असेल किंवा पायाला उघडी जखम असेल, तर त्या दिवशी उतरू नका.

पावसाळ्यात सांडव्याच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडल्यावर आलेला पूर अख्ख्या शहराने पाहिला आहे. वरून शांत दिसणारं पाणी सांडव्याकडे किती जोरात खेचतं, ते बोर्डवरून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बोर्ड, पंप, वल्हं

शिकायला हवा भरायचा बोर्ड चांगला: साधारण साडेदहा फूट लांब, ३२ ते ३३ इंच रुंद, ६ इंच जाड. वजन जास्त असेल तर लांबी-रुंदी वाढवा. हवा किती भरायची ते बोर्डवर छापलेलं असतं, बहुधा १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). नवखा माणूस दहावर दमतो आणि "झालं की" म्हणतो. मग बोर्ड ढिल्या बाजेसारखा मधे झोळ धरतो, नाक आणि शेपूट वर येतात, आणि तो झोळ ओढायचं काम तुमच्या खांद्याला लागतं. पंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ हलत नाही. पंप बिघडलेला नाही, बोर्ड नुसता फुगतोय, दाब अजून तयार झालेला नाही. व्हॉल्व्हमधली पिन वर आलेली हवी. ती खाली दबलेली राहिली तर नळी काढताच सगळी हवा फुस्स.

पाण्यात शिरायच्या आधीच कंबर इथे दुखावते, म्हणून पंप मारतानाही शेंदण्याचा नियम लावा: हात जवळपास सरळ, गुडघे सैल, वजन वरून खाली टाकायचं. जड जायला लागलं की पंप दुहेरीवरून (वर-खाली दोन्ही वेळा हवा भरणारा) एकेरीवर (फक्त खाली दाबताना भरणारा) करा.

आता एक इथला हिशेब. सकाळी २५ अंशांत १५ पीएसआय भरलेला बोर्ड मे महिन्यात उन्हात पडून राहिला आणि आतली हवा ६५ अंशांपर्यंत तापली, तर दाब १९ च्या आसपास जातो. शिवणी सुटतात त्या अशा. काठावर थांबायचं असेल तर बोर्ड सावलीत घ्या. सावली नसेल तर तीन-चार पीएसआय हवा सोडून द्या.

वल्ह्याची लांबी म्हणजे तुमची उंची अधिक २० ते २५ सेंटिमीटर. उंची १६५ असेल तर वल्हं १८५ ते १९०. ढोबळ मोजायचं तर वल्हं शेजारी उभं करून हात वर करा, वल्ह्याची वरची मूठ मनगटापाशी यावी. लांब वल्ह्याने वरचा हात डोक्याच्या वर जातो आणि खांदा चेपतो; आखूड वल्ह्याने पाठीला पोक येतो. दोन्हीची फळं दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतात. जोडाचं वल्हं असेल तर मूठ आणि पातं एका रेषेत आहेत का, आणि क्लॅम्प घट्ट आहे का, ते दांडा पिळून बघा.

अॅल्युमिनियमचं वल्हं साधारण किलोभर, कार्बनचं सहा-सातशे ग्रॅम. मिनिटाला ३० स्ट्रोक धरले तर तासाला १८०० होतात. तीनशे ग्रॅमचा फरक १८०० वेळा उचलला की ५४० किलो. पैसे मोजकेच असतील तर ते भारी बोर्डपेक्षा हलक्या वल्ह्यावर घाला.

पातं दांड्याला सरळ जोडलेलं नसतं, किंचित कललेलं असतं. तो कल पुढे, म्हणजे बोर्डच्या नाकाकडे हवा. पळीने वरण काढतात तसा खोलगट भाग आपल्याकडे करून धरायची इच्छा सगळ्यांनाच होते, आणि ती चूक आहे. कल पुढे असला की ओढताना पातं जास्त वेळ उभं राहतं. उलटं धरलं की ते मधेच पाणी वर उचलायला लागतं. बहुतेक वल्ह्यांवर कंपनीचं चिन्ह पुढच्या बाजूला असतं, त्यावरून ओळखा.

लाइफ जॅकेट अंगात, बोर्डला बांधून नाही. पोहता येतं हे त्याला उत्तर नव्हे. लीश, म्हणजे पायाला बोर्ड बांधणारी दोरी, संथ पाण्यात घोट्याला किंवा पोटरीला. वेटोळ्याची असेल तर जलपर्णीत कमी गुंतते. लीश का? कारण तुम्ही पडल्यावर वारा बोर्डला तुमच्या पोहण्यापेक्षा जोरात नेतो.

उभं कसं राहायचं

गुडघाभर पाण्यात, फिन तळाला टेकत नाही इथवर बोर्ड न्या. मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसा आणि पहिली दहा मिनिटं गुडघ्यांवरच वल्हवा, दांडा थोडा खालून धरून. मग वल्हं समोर आडवं ठेवून हात त्यावर टेका, एक पाऊल गुडघ्याच्या जागी, मग दुसरं, आणि गुडघे सरळ करत उठा. उठल्या उठल्या एक स्ट्रोक मारा. चालती सायकल जशी पडत नाही, तसा चालता बोर्ड स्थिर असतो.

पावलं समांतर, खांद्याइतकी फाकलेली, हँडल दोन्ही पावलांच्या मधे. गुडघे किंचित सैल. नजर समोरच्या काठावर. पायाकडे पाहिलं की पडलाच. पायाची बोटं बोर्डला पकडून ठेवायची सवय सगळ्यांना लागते आणि दहा मिनिटांत तळव्याला गोळे येतात. बोटं मुद्दाम उचलून हलवा.

स्ट्रोक

पकड आधी. एक हात मुठीवर, दुसरा दांड्यावर. वल्हं डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपरं काटकोनात आली की तेच हातांमधलं अंतर. खालच्या हाताच्या जागी चिकटपट्टीचा एक वेढा मारून ठेवला तर चांगलं, कारण दमल्यावर तो हात हळूहळू वर सरकतो. उजवीकडे वल्हवताना डावा हात मुठीवर. दोन्ही हात दांड्यावर, मूठ मोकळी, हे चित्र पर्यटकांच्या फोटोंत फार दिसतं. तसं करू नका.

पोहोच. उजव्या बाजूचा स्ट्रोक धरू. उजवा हात जवळपास सरळ, पण कोपर कुलूप लावल्यासारखं ताठ नको. आता हात पुढे ताणायचा नाही, धड वळवायचं: उजवा खांदा आणि उजवी बरगडी पुढे, छाती थोडी डावीकडे. शिवाय कमरेच्या सांध्यातून, म्हणजे बसताना जिथून मोडतो तिथून, थोडं पुढे झुका. पाठीचा कणा सरळच. मुठीवरचा हात कपाळासमोर, त्याहून वर नाही, आणि त्याचं कोपर खांद्याच्या वर नाही. हे कोपराचं वाक्य पुन्हा वाचा. खांदेदुखी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

रोवणं. पातं पावलांच्या पुढे साधारण दोन-अडीच फुटांवर, बोर्डच्या कडेला लगटून, पाण्यात सोडा. पूर्ण पातं बुडेपर्यंत ओढायला सुरुवात नाही. यासाठी कान चांगले कामी येतात. छपाक आवाज आला, पात्यामागे बुडबुडे दिसले, म्हणजे हवा ओढत नेलीत. नीट रोवलेलं पातं जेमतेम डुबुक करतं. पहिल्या दिवशी वेगाचं काही बघू नका, हा आवाज बंद करायच्या मागे लागा. पातं बुडालं की निमिषभर थांबा, मग भार टाका. हे निमिष कृत्रिम वाटेल. वाटू द्या.

ओढ. मुठीवरच्या हाताने खाली दाब, वळवलेलं धड परत सरळ होतंय, आणि झुकलेली कंबर उठतेय. जोर या तिघांचा. खालचं कोपर वाकवून वल्हं पोटाकडे खेचलं, की विहिरीवरच्या त्या नवख्या माणसाची गत. दांडा समोरून पाहिल्यास उभा दिसला पाहिजे, म्हणजे मुठीवरचा हातसुद्धा बोर्डच्या कडेबाहेर, पाण्याच्या वर यायला हवा. इथे बहुतेक जण कच खातात, कारण तोल जाईल असं वाटतं. मग मूठ छातीसमोरच राहते, दांडा तिरका होतो, पातं बोर्डपासून लांब जातं आणि बोर्ड गोल फिरायला लागतो. पातं सरळ मागे न्या, बोर्डच्या कडेच्या वळणाबरोबर नको.

सोडणं. पातं घोट्याशी आलं की स्ट्रोक संपला. मुठीवरचा हात आत, छातीकडे खाली आणा; पातं बाजूने सुरीसारखं बाहेर येतं. घोट्याच्या मागे ओढलेल्या पात्याने पाणी मागे जात नाही, वर उचललं जातं, आणि तेवढाच बोर्ड शेपटीकडे खाली दबतो. प्रत्येक स्ट्रोकला बोर्डचं नाक मान हलवल्यासारखं वरखाली होत असेल, तर तुम्ही उशिरा सोडताय. शिवाय त्या स्थितीत कंबर वाकून पिळलेली असते, आणि पिळलेल्या कंबरेवर भार हाच मणक्याला सगळ्यात नकोसा.

परत. पातं पाण्याच्या जेमतेम वर, आडवं करून पुढे न्या. उंच उचलू नका. यावेळी दोन्ही हातांची बोटं क्षणभर सैल करा. हातांना विश्रांती मिळते ती एवढीच.

खराटा उलट-सुलट मारून अंगण झाडतात तसं वल्हं मारणारे दर दोन स्ट्रोकला बाजू बदलतात आणि तरी नागमोडी जातात. एका बाजूला सहा ते आठ स्ट्रोक, मग बदल: खालचा हात दांड्यावरून वर मुठीवर, वरचा हात सुटून खाली. मोजा. प्रत्येकाची एक लाडकी बाजू असते आणि न मोजता तिकडेच जास्त स्ट्रोक पडतात. कंबर एकाच बाजूला धरण्याचं ते साधं कारण. दर मिनिटाला २५ ते ३० स्ट्रोक सुरुवातीला भरपूर झाले.

वळायला पातं पायांपाशी रोवू नका. गुडघे वाकवा, दांडा आडवा करा आणि नाकापासून शेपटीपर्यंत मोठा अर्धगोल काढा. उजवीकडे काढला की बोर्ड डावीकडे वळतो. चटकन वळायचं असेल तर उलटा अर्धगोल, शेपटीकडून नाकाकडे. धड पात्याबरोबर फिरलं पाहिजे, पाय समोर आणि हात मागे असं पिळायचं नाही.

पडणं आणि परत चढणं

पडणार आहातच, तर नीट पडा. तोल गेला की बोर्डपासून लांब, बाजूला, पसरट पडा: पाठीवर किंवा बुडावर. पायांवर उडी मारू नका, डोक्यावर तर मुळीच नाही. तळ किती खोल आहे आणि त्यात काय आहे ते वरून दिसत नाही. पडताना बोर्डवर हात टेकून सावरायचा मोह मनगट आणि खांदा दोन्हींना महाग पडतो. वर येताना एक हात डोक्यावर.

आधी बोर्ड, मग वल्हं. वल्हं बोर्डवर आडवं ठेवा, मधलं हँडल एका हाताने धरा. आता पाय मागे पृष्ठभागावर येऊ द्या, जोरात लाथा मारा आणि पोटावर सरकत वर या. पाय बोर्डखाली लटकते ठेवून नुसत्या हातांनी वर चढायचा प्रयत्न केला, की थकलेल्या खांद्यावर सगळं शरीर. तर्री पोहे हे सगळं आटोपल्यावरच खावेत. पोटावर सरकत चढताना तर्री आपली आठवण करून देते.

दुखतंय कुठे, चुकतंय कुठे

खांद्याच्या पुढे किंवा बाहेरच्या बाजूला, हात वर नेताना कळ: वल्हं लांब आहे, वरचं कोपर खांद्याच्या वर जातंय, किंवा धड न वळवता हात ताणून पोहोचताय. वल्हं पाच सेंटिमीटर आखूड करून बघा, पोहोच कमी करा.

कमरेच्या खालच्या भागात दुखणं: गुडघे ताठ, पाठीला पोक, किंवा पातं घोट्यामागे. वल्हं पाठीमागे उभं धरा, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकवून, आणि ते न सुटता दहा वेळा झुका. काठावर रोज एवढं केलं तरी झुकणं आणि वाकणं यातला फरक अंगाला कळतो.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं ते बहुधा मूठ आवळल्यामुळे. खालच्या हाताची बोटं नुसती आकड्यासारखी अडकवा, अंगठा आणि तर्जनीची सैल कडी. मनगट दांड्याच्या रेषेत ठेवा, वर मोडलेलं नको. तळव्याला फोड येत असतील तरी कारण तेच.

खांदा रात्री झोपू देत नसेल, हात वर जात नसेल किंवा पायात मुंग्या उतरत असतील, तर वल्हं ठेवून द्या आणि हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. मालीशवाल्याकडे नको.

पहिल्या दिवशी ३० ते ४० मिनिटं पुरे, आणि पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदाच. मधल्या दिवसांत घरी: रबरी पट्टी दाराच्या कडीला अडकवून, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवणं, १२ ते १५ वेळा दोनदा, २०-३० सेकंदांचा प्लँक, दात घासताना एका पायावर उभं राहणं.

ऊन, वारा, वीज

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळ हा इथला उत्तम काळ. एप्रिल-मे मध्ये उजाडता उजाडता उतरा आणि आठच्या आत बाहेर या. पाण्यावर गार वाटतं म्हणून फसायला होतं. ऊन वरूनही लागतं आणि पाण्यावरून उलटूनही. पोटऱ्या आणि पावलांची वरची बाजू पहिल्यांदा भाजते. लिटरभर पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू, बोर्डवर बांधून न्या. डोकं जड होणं, मळमळ, घाम थांबणं यांपैकी काहीही दिसलं की सावली आणि पाणी, लगेच.

जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी घ्या. झाडाची पानं आणि बारीक फांद्या सतत हलत असतील तर नवख्यांनी उतरू नये. पाण्यात असताना वारा सुटला तर गुडघ्यांवर या. तरी रेटत नसेल तर पोटावर झोपा, वल्हं छातीखाली दाबा आणि हातांनी वल्हवत सगळ्यात जवळच्या काठाला लागा, गाडी कुठेही उभी असो. मोटरबोटीची लाट आली तर नाक तिच्याकडे वळवा, गुडघे सैल सोडा.

गडगडाट ऐकू आला की बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. मोकळ्या पाण्यावर उभा माणूस म्हणजे आसपासची सगळ्यात उंच वस्तू, आणि विदर्भात वीज दरवर्षी माणसं नेते.

परतल्यावर बोर्ड साध्या पाण्याने धुवा, फिनच्या खाचेतली जलपर्णीची मुळं काढा, सावलीत पूर्ण वाळवून मगच गुंडाळा. ओला गुंडाळलेला बोर्ड आठवड्यात कुबट होतो. उन्हाळ्यात तो गच्चीवरच्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्या तापाने चिकटवलेले जोड सुटतात. पलंगाखाली ठेवा, हवा सोडून, सैल गुंडाळून.